ये-जा असलेलं कॉन्व्हेंट

आजचं वाचन: मत्तय 25:31-46



आजच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचा प्रसंग आहे. राजा ज्या गोष्टींवरून निवाडा करतो त्या अगदी साध्या आहेत: भुकेल्याला दिलेलं जेवण, तहानलेल्याला दिलेलं पाणी, आजाऱ्याची घेतलेली काळजी. हे वाचताना मला दर वेळी संत लुईझ द मारियाक आठवतात.

त्यांचा जन्म 1591 चा, फ्रान्समधला. घराणं मोठं, पण आई कोण हे त्यांना कधीच कळलं नाही. लहानपणी पॉइसीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या. वडील गेले तेव्हा त्या जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांना संन्यासिनी व्हायचं होतं. पण तब्येत नाजूक म्हणून मठाने नकार दिला. मग 1613 मध्ये आंत्वान ल ग्रा यांच्याशी लग्न झालं, मुलगा झाला आणि काही वर्षांनी पतीने अंथरूण धरलं.

इथे लुईझ पार खचल्या. देवाला दिलेला शब्द मोडला म्हणून ही शिक्षा आहे का? नवऱ्याला सोडून जावं का? देव आहे तरी का, इथपर्यंत शंका गेली. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मीही तिशीत आहे, म्हणून हे वय वाचून जरा थांबलो. इतकी श्रद्धाळू बाई, आणि प्रश्न मात्र आपलेच!

1623 च्या पेंटेकॉस्टच्या दिवशी पॅरिसमधल्या एका चर्चमध्ये प्रार्थना करताना त्यांच्या मनात प्रकाश पडला. पतीजवळच राहायचं. पुढे वेळ येईल तेव्हा व्रतं घेऊन इतरांबरोबर गरिबांची सेवा करता येईल, आणि त्या घरात ये-जा असेल. हा शेवटचा भाग त्यांना काही कळेना. कारण त्या काळात व्रतस्थ बाई म्हणजे चार भिंतींआड राहणारी. ये-जा असलेलं कॉन्व्हेंट कुठे असतं? तरी त्यांनी तो अनुभव कागदावर लिहून जपून ठेवला आणि घरी परतून नवऱ्याची शुश्रूषा चालू ठेवली. 1625 मध्ये आंत्वान वारले.

याच सुमारास त्यांना फादर व्हिन्सेंट डी पॉल भेटले. व्हिन्सेंट यांनी गावोगावी गरिबांसाठी सेवामंडळं काढली होती. पॅरिसमधल्या श्रीमंत बायका त्यात होत्या, पण रोग्याच्या खोलीत जायची वेळ आली की पुष्कळदा नोकरांना पाठवलं जाई. मग पुढे आली मार्गरीत नासो, गाई राखणारी मुलगी. वाटेने जाणाऱ्यांना अक्षरं विचारून ती वाचायला शिकली होती. तिने रोग्यांची सेवा मनापासून केली. प्लेग झालेल्या एका बाईला तिने आपल्या बिछान्यात जागा दिली आणि 1633 मध्ये त्याच रोगाने ती गेली.

त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला लुईझ यांनी अशाच काही खेड्यातल्या मुलींना आपल्या घरी ठेवून घेतलं. त्या तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ असा सुरू झाला. पोशाख गावाकडच्या बायकांसारखा, प्रार्थनेला धर्मग्रामाचं चर्च, आणि भिंतींऐवजी शहराचे रस्ते. सूपचं भांडं आणि औषधं घेऊन भगिनी रोग्यांच्या घरी जात. ये-जा म्हणजे काय, ते लुईझ यांना आता कळलं. मधे दहा वर्षं गेली होती.

मुलींना वाचायला शिकवणं, जखम कशी बांधायची, रोग्याशी कसं बोलायचं, हे सगळं लुईझ बारकाईने बघत. 1640 मध्ये आंजेच्या हॉस्पिटलशी रीतसर करार झाला. पुढे टाकून दिलेली बाळं, गलबतांवर वल्ही मारायची शिक्षा झालेले कैदी, जखमी सैनिक, आणि 1652 मध्ये थेट पोलंड!

15 मार्च 1660 ला लुईझ गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना व्हिन्सेंट यांच्या हातच्या चार ओळी हव्या होत्या. ते स्वतः आजारी होते. चिठ्ठी आली नाही, फक्त तोंडी निरोप आला: तुम्ही पुढे व्हा, स्वर्गात भेटू. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेही गेले.

काम मात्र थांबलं नाही. 1853 मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल पॅरिसला या भगिनींचं काम बघायला गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धात फ्रेंच जखमींजवळ या भगिनी होत्या, आणि आपल्याकडे अशा का नाहीत, असा सवाल इंग्लंडमध्ये उठला. 1934 मध्ये लुईझ यांना संतपद मिळालं. आज हा संघ 90 हून अधिक देशांत आहे. या भगिनी अजूनही आपली व्रतं दर वर्षी नव्याने घेतात.

तब्येतीमुळे नाकारलेल्या बाईकडून देवाने आजाऱ्यांसाठी घर उभारून घेतलं. आपल्याला वाटतं, आधी देवाचा पूर्ण प्लॅन कळू दे, मग सुरुवात करू. लुईझ यांना एकच पायरी दिसली होती: घरातला आजारी माणूस. त्यांनी ती सोडली नाही.

आज आपल्या घरात, बिल्डिंगमध्ये, ऑफिसमध्ये कोण आजारी आहे? मेसेज नको, जाऊन भेटूया.

प्रार्थना: हे प्रभू येशू, पुढचं सगळं कळलं नाही तरी आज समोर असलेल्या माणसात तुला ओळखायची कृपा आम्हाला दे. आमेन.