माणसांना आणि नाण्यांना गुण देणारे डॉ. शेल्डन

सुपरमॅन ज्या अंकात प्रथम अवतरला, त्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या १९३८ सालच्या पहिल्या अंकाची छापील किंमत १० सेंट होती. २०१४ साली या अंकाची एक प्रत इंटरनेटवरील लिलावात ३२ लाख डॉलरना विकली गेली. ही प्रत जाड पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनात कायमची बंद केलेली होती. तिची पाने उलटून पाहण्याची सोयच नव्हती. वेष्टनाच्या वरच्या पट्टीवर ९.० असा आकडा छापलेला होता आणि एवढी प्रचंड रक्कम मोजली गेली ती प्रामुख्याने त्या आकड्याच्या भरवशावर. जुन्या वस्तूला तिऱ्हाईत परीक्षकाने गुण द्यावेत आणि त्या गुणांवर बाजाराने डोळे झाकून विश्वास ठेवावा, ही रीत कॉमिक्सच्या दुनियेत आली ती नाण्यांच्या दुनियेतून. नाण्यांना आकड्यांत गुण देण्याची पद्धत रूढ केली ती एका मानसशास्त्रज्ञाने. त्यांचे नाव डॉ. विल्यम हर्बर्ट शेल्डन. आपल्या हयातीत हे गृहस्थ नाण्यांसाठी नव्हे, तर माणसांच्या शरीरांना आकडे देण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या निधनानंतर त्यांचे नाव आणखी एका कारणाने गाजले, ते म्हणजे चोरी.

शेल्डन यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वॉरविक येथे झाला. वडील निसर्गाचे अभ्यासक होते आणि जातिवंत प्राण्यांची पैदास करीत. जनावराच्या बांध्यावरून त्याची प्रत ठरवायची, हे संस्कार मुलावर घरातच झाले असावेत. विख्यात तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स हे त्यांचे धर्मपिता होते, असे सांगितले जाते. ब्राऊन विद्यापीठातून पदवी घेतल्यावर शेल्डन यांनी शिकागो येथे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे तेथेच वैद्यकीची पदवीही घेतली. मग ते युरोपात गेले. फ्रॉइड आणि युंग यांच्या भेटी झाल्या. परंतु त्यांच्या मनात घर केले ते जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेश्मर यांच्या विचारांनी. माणसाची देहयष्टी आणि त्याचा स्वभाव यांचा थेट संबंध असतो, असे क्रेश्मर यांचे प्रतिपादन होते. शेल्डन यांनी ते उचलले आणि त्याला आकड्यांची जोड दिली.

हार्वर्डमध्ये त्यांनी सुमारे ४००० महाविद्यालयीन तरुणांची विवस्त्र छायाचित्रे समोरून, बाजूने आणि पाठीमागून अशी तीन अंगांनी तपासली आणि १९४० साली आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. गोलमटोल तो एंडोमॉर्फ, पिळदार तो मेसोमॉर्फ आणि किडकिडीत तो एक्टोमॉर्फ. मात्र शेल्डन यांचे म्हणणे असे की कोणीही माणूस निव्वळ एका प्रकारचा नसतो. प्रत्येकात हे तिन्ही घटक कमीअधिक असतात आणि प्रत्येक घटकाला १ ते ७ पर्यंत गुण देता येतात. ७-१-१ म्हणजे पराकोटीचा स्थूल, १-१-७ म्हणजे नुसता काटकुळा आणि ४-४-४ म्हणजे अगदी मध्यम. या तीन आकड्यांवरून माणूस सुखासीन आहे, धाडसी आहे की अंतर्मुख, हे सांगता येते, असा त्यांचा दावा होता. अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला. आल्डस हक्सलींसारखा बुद्धिवंत लेखकही त्याच्या प्रेमात पडला. व्यायामशाळांतले प्रशिक्षक आजही हे तीन शब्द सर्रास वापरतात, पण त्यांच्या जनकाचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते.

सिद्धांतासाठी छायाचित्रे हवी होती आणि ती मिळवण्यासाठी विद्यापीठांनी आपले दरवाजे उघडले. अनेक नामांकित महाविद्यालयांत नव्याने आलेल्या मुलामुलींची शरीराची ठेवण तपासण्याच्या नावाखाली अशी छायाचित्रे काढण्याची प्रथाच होती. त्यांचा उपयोग पुढे कशासाठी होणार आहे, याची कल्पना मुलांना दिली जात नसे. १९५० साली सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एका विद्यार्थिनीने हा प्रकार घरी सांगितला आणि पालक खवळले. शेवटी ती छायाचित्रे जाळून टाकावी लागली. तरीही १९५४ साली शेल्डन यांचा पुरुषदेहांचा भलामोठा चित्रकोश प्रसिद्ध झालाच. तोपर्यंत त्यांच्याकडे ४६००० छायाचित्रे जमली होती. पण विद्वानांचा विश्वास उडू लागला होता. बोस्टनमधील २०० उनाड तरुणांचा त्यांनी केलेला अभ्यास टीकेचे लक्ष्य झाला. निकृष्ट वंशाच्या माणसांची पैदास वाढत आहे, या त्यांच्या भूमिकेमुळे तर महायुद्धानंतरच्या काळात त्यांच्यापासून चार हात दूर राहणेच अनेकांनी पसंत केले. सिद्धांताला जुळतील असे आकडे बसवले जात, असा आरोप पुढे त्यांच्या एकेकाळच्या सहकारी बार्बरा हीथ यांनीच केला.

या सगळ्या काळात शेल्डन यांचे दुसरे प्रेम अखंड चालू होते. ते म्हणजे अमेरिकेचे जुने तांब्याचे सेंट. १७९३ ते १८५७ या काळात अमेरिकी टांकसाळीने पाडलेले हे सेंट आकाराने मोठे, चांगले हातात भरण्याजोगे. आरंभीच्या वर्षांत साचे हाताने कोरले जात. त्यामुळे दोन साच्यांत कुठे आकड्याची जागा, कुठे एखादे पान, कुठे केसाची बट असा फरक राहून जाई. त्या फरकांवरून प्रत्येक प्रकार ओळखण्याचे वेड अनेकांना होते. शेल्डन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १७९३ ते १८१४ या काळातील सेंटांचे साच्यांनुसार वर्गीकरण करून प्रत्येक प्रकाराला क्रमांक दिला. हे क्रमांक आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात आणि त्या कामाची थोरवी त्यांचे कट्टर विरोधकही नाकारत नाहीत.

याच ग्रंथात ती सत्तर गुणांची पट्टी होती. शंभर नव्हे, सत्तरच का, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर शास्त्रात नाही, बाजारात आहे. कसाबसा ओळखू येईल इतका झिजलेला सेंट १ डॉलरला मिळत असेल, तर त्याच प्रकारचा टांकसाळीतून नुकताच आल्यासारखा निर्दोष सेंट साधारण ७० डॉलरला जातो, असे शेल्डन यांना त्या काळच्या व्यवहारांत दिसले. म्हणून सर्वांत खालच्या प्रतीला १ आणि सर्वांत वरच्या प्रतीला ७०. मधल्या पायऱ्याही भावांवरूनच ठरल्या. बऱ्या नाण्याला ४, त्याहून चांगल्याला ८, मग १२, २०, ४० आणि टांकसाळीच्या अवस्थेतल्या नाण्याला ६० पासून पुढे. या पायऱ्यांमधली अंतरे सारखी नाहीत, कारण भावांमधली अंतरेच सारखी नव्हती. त्या प्रकाराची मूळ किंमत घ्यावी, तिला नाण्याच्या गुणांनी गुणावे आणि किंमत काढावी, इतका सरळ हिशेब. मूळ किंमत ५ डॉलर आणि गुण २० असतील, तर नाणे १०० डॉलरचे. थोडक्यात, हे गुण म्हणजे वेषांतर केलेला भावच होता.

हिशेब फार काळ टिकला नाही. निर्दोष नाण्यांची मागणी वाढली, त्यांचे भाव झिजलेल्या नाण्यांच्या कित्येकपट वेगाने चढले आणि गुणाकाराचे उत्तर चुकू लागले. पण गंमत अशी की सूत्र मोडले, तरी आकडा राहिला. विक्रेत्यांना तो सोयीचा वाटला. 'छान', 'फारच छान' अशा शब्दांवर वाद घालता येतो. ६३ आणि ६५ या आकड्यांना मात्र मोजमापाचा रुबाब असतो. मग हीच पट्टी सेंटांवरून साऱ्या अमेरिकी नाण्यांना लागू झाली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ साली आपल्या अधिकृत प्रतवारीच्या पुस्तकात ती स्वीकारली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेल्डन यांचे निधन झाले. पट्टीचे पुढचे वैभव पाहायला ते राहिले नाहीत.

त्यांच्याविषयीचे सर्वांत गंभीर सत्यही त्यांच्या पश्चातच जगासमोर आले. जॉर्ज क्लॅप या उद्योगपतीने आपला सेंटांचा अमोल संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला देणगी दिला होता. त्या काळी ही संस्था मॅनहॅटनच्या उत्तर भागात १५५ व्या रस्त्यावर होती. शेल्डन १९४७ नंतर ज्या कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करीत, ते १६८ व्या रस्त्यावर. मधले अंतर चालत जाण्याचे. सेंटांचे सर्वांत मोठे जाणकार म्हणून त्यांना संग्रह हाताळण्याची मुभा होती आणि त्यांच्यावर संशय घेण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. त्यांनी काय केले, तर संस्थेच्या कपाटातले सरस नाणे घेतले आणि त्याच सालाचे, त्याच प्रकाराचे आपल्याकडचे उतरत्या प्रतीचे नाणे तिथे ठेवले. मोजदाद केली तर नाणी पूर्ण भरत. साल बरोबर, प्रकारही बरोबर. फरक फक्त प्रतीचा, म्हणजे जो फरक आकड्यांत मांडायला शेल्डन यांनीच जगाला शिकवले होते, नेमका तोच.

जुन्या तांब्याच्या प्रत्येक नाण्यावर ओरखडे, खाचा आणि डाग यांची आपली अशी खूण असते; ती माणसाच्या बोटाच्या ठशासारखी वेगळी. शेल्डन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी आपला संग्रह कॅलिफोर्नियातील एका नामवंत संग्राहकाला विकला होता. पुढे जाणकारांनी त्यातली नाणी क्लॅप संग्रहाच्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा अदलाबदल उघड झाली. हजारो देहांची छायाचित्रे जमवणाऱ्या माणसाची चोरी छायाचित्रांनीच पकडली. संस्थेने १२९ नाणी बदलली गेल्याचे म्हटले आणि प्रकरण न्यायालयात गेले. इतकी वर्षे उलटल्यावर दावा करता येतो काय, हा कळीचा मुद्दा होता. चोरीची वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला कळले तेव्हापासून मुदत मोजावी, असा निर्णय १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने दिला. पुढे अनेक नाणी संस्थेकडे परत आली. विकत घेणारा संग्राहक मात्र प्रामाणिकपणे पैसे मोजूनही त्यांना मुकला. शेल्डन यांना जाब विचारणे तर शक्यच नव्हते. १९९५ साली येल विद्यापीठाने आपल्याशी संबंधित विवस्त्र छायाचित्रे नष्ट करायला लावली, तेव्हाही ते नव्हते.

नाण्यांच्या बाजारात १९८६ पासून व्यावसायिक परीक्षक कंपन्या आल्या. विक्रेत्याने स्वतःच्याच मालाला गुण देण्याऐवजी तिऱ्हाइताने द्यावेत आणि नाणे प्लास्टिकमध्ये बंद करून टाकावे, ही त्यांची कल्पना. मुंबईतील नाण्यांच्या लिलावांतही अशी आकडे मिरवणारी नाणी आता दिसतात. कॉमिक्सचा व्यापार तोवर शब्दांवरच चालला होता. त्यातला सर्वोच्च दर्जा 'मिंट', म्हणजे टांकसाळ, हा शब्दही नाण्यांकडूनच उसना घेतलेला. कॉमिक्स काही टांकसाळीत छापली जात नाहीत! १९९२ साली ओव्हरस्ट्रीटच्या प्रतवारी-पुस्तिकेने कॉमिक्ससाठी शंभर गुणांची पट्टी आणली. परंतु गुण देणारा अखेर विक्रेताच होता. कडा कापून सरळ केलेले, रंग भरून ताजे केलेले अंक नवे म्हणून खपवले जात. इंटरनेटवरून विक्री सुरू झाल्यावर तर अंक हातात घेऊन पाहणेही संपले. नाण्यांची परीक्षा करणाऱ्या एनजीसी या कंपनीच्या समूहाने हे हेरून २००० साली सीजीसी ही कॉमिक्सची शाखा काढली. सत्तरच्या जागी दहा गुण आले, अर्ध्या गुणापासून दहापर्यंत. बाकी रीत तीच. परीक्षण, आकडा आणि मोहोरबंद वेष्टन.

२०२३ च्या अखेरीस या कंपनीच्याच वेष्टनांबाबत एक प्रकार उघडकीला आला. वरच्या गुणांची वेष्टने शिताफीने उघडून आतील चांगली प्रत काढून घेतली जात होती आणि तिच्या जागी त्याच अंकाची हलकी प्रत ठेवून ती पुन्हा नव्या वेष्टनासाठी कंपनीकडे पाठवली जात होती. ही अदलाबदल लक्षात आली, तीही संग्राहकांनी दोन वेळची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणून.