उकिरड्यातील ग्रंथांचा शोधक

प्राचीन ग्रंथांच्या शोधात राजवाडे आणि मंदिरे धुंडाळणारे अनेक झाले. बर्नार्ड ग्रेनफेल यांनी मात्र एका गावाचा उकिरडा निवडला आणि त्यातच आयुष्य वेचले.

१६ डिसेंबर १८६९ रोजी बर्मिंगहॅम येथे जन्मलेले ग्रेनफेल ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजचे विद्यार्थी. आर्थर हंट यांची जन्माची मैत्री त्यांना तेथेच लाभली. १८९६-९७च्या हिवाळ्यात या जोडीने इजिप्तमधील ऑक्सिरिंकस या उजाड नगरात उत्खनन आरंभले. पाऊस जवळजवळ नाही आणि नाईलच्या पुराचे पाणी पोहोचत नाही, अशा टेकाडांत शतकानुशतकांचा कचरा कोरडा राहिला होता. त्यातून पपायरसचे लाखो तुकडे निघाले.

पपायरस स्वस्त नव्हता. त्यामुळे एका बाजूचे लेखन निरुपयोगी झाले की गुंडाळीची कोरी पाठ कामी येई. जमीनमोजणीच्या एका यादीमागे ग्रेनफेल आणि हंट यांना येशूची वचने आढळली. १९०४ साली ती प्रसिद्ध झाली. ती थोमाच्या शुभवर्तमानातील होती, हे मात्र १९४५ साली नाग हम्मादी येथे त्या ग्रंथाची कॉप्टिक प्रत सापडल्यानंतरच उमगले. रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथाच्या लॅटिन सारांशामागे बायबलमधील इब्री लोकांस पत्र ग्रीकमध्ये उतरवलेले होते. लिव्हीचे बरेच मूळ भाग नष्ट झाल्याने येथे दोन्ही बाजू मोलाच्या ठरल्या. १९०६ साली सापडलेला एक अज्ञात ग्रीक इतिहासही जमिनीच्या नोंदवहीच्या पाठीवरच होता.

ग्रेनफेल यांनी ग्रंथ आणि हिशेब असा पंक्तिप्रपंच केला नाही. धर्मवचनांबरोबर करपावत्या, करारनामे आणि घरगुती पत्रेही त्यांनी हंट यांच्यासह तितक्याच काटेकोरपणे संपादित केली. त्यामुळेच सामान्य माणसांचे एक अख्खे नगर बोलते झाले.

या परिश्रमांची किंमत मोठी होती. १९०८ साली ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकपद मिळाले. पण लवकरच मानसिक आजाराने त्यांना गाठले. काही वर्षांनी ते कामावर परतले, तरी १९२० साली आजार पुन्हा उलटला. या काळात हंट यांनी एकट्याने काम पुढे रेटले. १८ मे १९२६ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी ग्रेनफेल निवर्तले. १८९८ साली सुरू झालेल्या या ग्रंथमालेचे ८०हून अधिक खंड आजवर निघाले आहेत. तरीही त्यांनी जमवलेले बहुसंख्य तुकडे अद्याप वाचकाच्या प्रतीक्षेत आहेत.