केईएमच्या या डॉक्टरने सर्पगंधेची मुळी जगाला दाखवली आणि मेंदूतल्या सेरोटोनिनचा माग लागला

१९४५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. बीपी प्रचंड वाढलेलं. पण एवढ्या मोठ्या माणसालाही द्यायला डॉक्टरांकडे बीपीची धड एक गोळी नव्हती. मीठ बंद करा, विश्रांती घ्या, फारच झालं तर नसा कापण्याचं ऑपरेशन. इलाज एवढाच.

त्याच दशकात परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये, जिथे आजही दहिवली-कर्जतकडून लोकल धरून पेशंट येतात, डॉ. रुस्तम जाल वकील एका मुळीच्या मागे लागले होते.

वकील पारशी. जन्म १७ जुलै १९११, मुंबईचा. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते परत आले आणि हृदयरोगात रमले.

मुळी होती सर्पगंधेची. सह्याद्रीच्या ओलसर जंगलातही सापडणारं हे झुडूप वैद्य मंडळी शेकडो वर्षं वापरत होती. १९३१ मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी तिने बीपी उतरतं असं लिहिलंही होतं. म्हणजे शोध वकिलांचा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांनी केलं ते वेगळं. ५० पेशंटना औषध दिलं, बीपीच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आकड्यांसकट निबंध छापला. आता जगाला दुर्लक्ष करणं अवघड होतं.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि अनेक जण शांत झाले. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन दोघांनाही मिळाला. एकाला बीपीसाठी, दुसऱ्याला मनाच्या आजारासाठी. मुळी एकच!

पण काही पेशंट नुसते शांत होत नव्हते, खचत होते. असं का?

१९५३ मध्ये मेंदूत सेरोटोनिन सापडलं होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या टीमने दाखवलं की रेसरपिन दिलं की ते साठे रिकामे होतात. पेशी सेरोटोनिन ज्या पिशव्यांत भरून ठेवतात, त्यांत ते शिरूच शकत नाही आणि बाहेर मोडून जातं. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिनचंही तेच होतं. ‘सेरोटोनिन घटलं की उदासी’ या कल्पनेला इथून बळ मिळालं. पुढे हे समीकरण इतकं सरळ नाही, हेही कळलं.

कारण सेरोटोनिन काय करेल हे ते कुठल्या रिसेप्टरवर बसतं त्यावर ठरतं. ते तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, रॅफे नावाच्या भागात, अगदी थोड्या असतात. पण त्यांचे धागे जवळपास सगळ्या मेंदूत जातात. रिसेप्टर आज १४ प्रकारचे माहीत आहेत. १ए हा हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर आणि खुद्द रॅफेतही, तिथे तो ब्रेकचं काम करतो. २ए मेंदूच्या बाहेरच्या थरात. एलएसडीचे भास घडतात ते मुख्यतः याच्यामुळे. तिसरा प्रकार देठातल्या उलटीच्या केंद्राजवळ दाट, म्हणून केमोथेरपीच्या पेशंटना तो अडवणारी गोळी देतात.

वकिलांना १९५८ मध्ये पद्मभूषण मिळालं. भारतीय डॉक्टरांनी लिहिलेलं ‘एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन’ १९६९ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली निघालं. २० नोव्हेंबर १९७४ रोजी ते गेले. तोवर बीपीवर नवी औषधं आली होती आणि रेसरपिन हळूहळू मागे पडत चाललं होतं.