युग्मताऱ्यांचे संशोधक कॅप्टन जेकब

बीड जिल्ह्यातील आपल्या कित्येक घरांत विवाहविधीत वधूवरांना वसिष्ठ व अरुंधती हे तारे दाखविण्याची रीत आहे. परंतु दुर्बिणीतून पाहता एकट्या वसिष्ठाच्याच जागी दोन तारे दिसतात, हे त्या जोडीस नमस्कार करणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. परस्परांभोवती फिरणाऱ्या अशा ताऱ्यांस युग्मतारे म्हणतात. त्यांच्या वेधांत महाराष्ट्राच्या आकाशाखाली वर्षे घालविणारे कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांचा परिचय ज्ञातिबांधवांस, विशेषतः विद्यार्थ्यांस, करून द्यावा, असे आम्हांस वाटले. ते ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या देशाचे. तथापि त्यांनी पाहिले ते आपलेच आकाश.

इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात १८१३ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनिअर पथकातून ते हिंदुस्थानात आले व भूमापनाच्या कामावर होते. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यास स्वतःची वेधशाळा उभारली. पुढे लष्करी नोकरीही सोडली. पाच फुटी दुर्बिणीच्या साहाय्याने त्यांनी २४४ युग्मताऱ्यांची यादी सिद्ध केली.

हे काम दिसते तेवढे सोपे नव्हे. दोन ताऱ्यांमधील सूक्ष्म अंतर व दिशा वर्षानुवर्षे मोजावी, तेव्हा कोठे त्यांची कक्षा उमगते; आणि कक्षा कळली म्हणजेच ताऱ्यांचे वस्तुमान काढता येते. भुजंगधारी समूहातील ७० क्रमांकाच्या जोडीस एका फेरीस सुमारे ८८ वर्षे लागतात, म्हणजे एका माणसाचे आयुष्य अपुरेच!

१८४८ अखेर ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. याच ७० क्रमांकाच्या जोडीच्या गतीत विसंगती आढळल्यावरून, तेथे अदृश्य ग्रह असावा, असा तर्क त्यांनी १८५५ मध्ये मांडला. तो पुढे टिकला नाही. आमच्या मते त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या सूर्याचा ग्रह गणिताने शोधू पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते.

प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. १८५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तरीही पुण्याजवळ सुमारे ५००० फूट उंचीवर वेधशाळा काढण्याचा ध्यास सुटेना. ब्रिटिश संसदेने १००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वखर्चाने घेतली. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईस उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात निवर्तले. डोंगरावरील ती वेधशाळा त्यांच्या हातून उभी राहिलीच नाही.