विश्लेषण : कीटकनाशकांनी पक्षी मरतात, हे जगाला दाखवणाऱ्या रेचेल कार्सन कोण होत्या?

नवे कीटकनाशक बाजारात आणताना ते किडीवर किती प्रभावी आहे, एवढेच पाहून आज भागत नाही. शेतात दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचे, बांधावरच्या उंदरा-सशांचे काय होईल, याचेही उत्तर द्यावे लागते. हा प्रश्न सरकारदरबारी पोहोचवण्यात अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेचेल कार्सन यांचा वाटा मोठा आहे.

सरकारी नोकरी ते लेखन

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल गावी झाला. लेखिका होण्यासाठी त्या महाविद्यालयात गेल्या, पण तिथे जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९३५ मध्ये वडील वारले आणि दोन वर्षांनी बहीणही गेली. आई आणि बहिणीच्या दोन मुलींची जबाबदारी कार्सन यांच्यावर आली. सरकारच्या मत्स्य विभागातील नोकरी हाच घराचा आधार होता. १९५१ मध्ये आलेले समुद्रावरील पुस्तक तुफान खपले, तेव्हा कुठे त्यांना नोकरी सोडता आली.

डीडीटीबद्दल शंका कशी आली?

दुसऱ्या महायुद्धात डीडीटीने हिवताप आणि टायफस पसरवणारे कीटक मारले. त्याचा हा गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल मिळाले. युद्धानंतर हेच रसायन शेतांवर, जंगलांवर, वस्त्यांवर विमानांतून फवारले जाऊ लागले. १९४५ मध्येच कार्सन यांनी त्याच्या दुष्परिणामांवर लेख लिहू का, असे एका मासिकाला विचारले होते. मासिकाने नकार दिला. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका परिचित महिलेने फवारणीनंतर आपल्या आवारात पक्षी मरून पडल्याचे कळवले आणि कार्सन पुन्हा या विषयाकडे वळल्या.

पुराव्यात काय होते?

त्यांनी ठिकठिकाणच्या संशोधकांच्या नोंदी गोळा केल्या. मिशिगनमध्ये एल्म झाडांवर भुंगेऱ्यांसाठी डीडीटी फवारले जाई. पाने गळून जमिनीवर पडत, गांडुळे ती खात आणि पुढच्या वसंतात ती गांडुळे खाऊन रॉबिन पक्षी मरत. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकमध्ये चिलटांसाठी डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी टाकले गेले. पाण्यात त्याचे प्रमाण नगण्य होते. पण ते आधी प्लवकांत, मग माशांत आणि शेवटी मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत हजारो पटींनी साठत गेले. इलिनॉयमध्ये भुंगेऱ्यांविरुद्ध डिल्ड्रिन वापरले, तेव्हा जमिनीवरच्या खारी जवळपास नाहीशा झाल्या आणि शेतांवरची बहुतेक मांजरेही मेली.

पुस्तकानंतर काय घडले?

‘सायलेंट स्प्रिंग’ सप्टेंबर १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. रसायन उद्योगाने त्यांना भावनाप्रधान आणि अशास्त्रीय ठरवण्याचा प्रयत्न केला. वास्तविक त्यांनी सर्व कीटकनाशकांवर बंदी मागितली नव्हती. परिणाम न तपासता सरसकट फवारणी नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बेसुमार वापराने कीटकांमध्ये प्रतिकारशक्ती येते, मग रोगनियंत्रणालाच ते औषध उरत नाही, हेही त्यांनी मांडले.

या सगळ्या काळात त्यांना स्तनाचा कर्करोग होता. आपल्या लेखनावर वैयक्तिक आकसाचा आरोप होऊ नये म्हणून त्यांनी आजार लपवला. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांची मुख्य मांडणी ग्राह्य धरली. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भाचीच्या मृत्यूनंतर त्यांनी दत्तक घेतलेला तिचा मुलगा तेव्हा शाळकरी वयाचा होता.

आज जोखीम कशी मोजतात?

१९६७ मध्ये ब्रिटनचे डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे दाखवले. डीडीटीपासून तयार होणारे डीडीई त्यामागे असल्याचे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे पक्षी मेला नाही, तरी त्याची पुढची पिढी संपू शकते. म्हणून आता तात्काळ विषारीपणाबरोबर प्रजननावरील परिणामही तपासतात. मग प्राणी काय खातो, किती खातो आणि त्या खाद्यात किती अंश असेल, याचा हिशेब होतो. लहान प्राणी वजनाच्या मानाने जास्त खातात, त्यामुळे त्यांच्या पोटात जाणारी मात्राही जास्त असते. युरोपीय संघात प्राथमिक तपासणीत घातक मात्रा आणि पोटात जाणारी मात्रा यांत किमान दहापट, तर दीर्घकालीन परिणामांसाठी पाचपट अंतर लागते. चरबीत साठणाऱ्या रसायनांसाठी गांडुळे आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांचा वेगळा विचार होतो. मिशिगनच्या रॉबिनचा आणि क्लिअर लेकच्या ग्रीबचा मार्ग असा नियमांत आला.

बंदीचा फायदा झाला का?

अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीचा जवळपास सर्व वापर थांबवला. बहिरी ससाणा १९९९ मध्ये आणि बाल्ड ईगल २००७ मध्ये तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आले. भारतात १९८९ पासून शेतीत डीडीटीला बंदी आहे, मात्र रोगवाहक कीटकांसाठी सरकारी वापराची मुभा राहिली. कार्सन यांना यातले काहीच पाहता आले नाही. पण फवारणीपूर्वी पक्ष्यांचा विचार करणे आज कायद्याचा भाग आहे.