सदाशिवरावभाऊ पेशवे : पानिपतच्या थंडीतले अडीच महिने



पानिपत म्हटलं की मुलांना एका दिवसाची लढाई आठवते. 14 जानेवारी 1761. पण त्याआधीचे अडीच महिने आपण वर्गात सांगतो का? आज भाऊसाहेबांचं चरित्र त्या बाजूने पाहू.

सदाशिवराव हे चिमाजी आप्पांचे चिरंजीव, म्हणजे थोरल्या बाजीरावांचे पुतणे. जन्म 1730 चा. आई रखमाबाई ते तान्हे असतानाच वारल्या. दहाव्या वर्षी वडीलही गेले. आजी राधाबाईंनी त्यांना वाढवलं. मोठेपणी चुलतभाऊ नानासाहेब पेशव्यांचा कारभार आणि दौलतीचा हिशेब ते पाहू लागले. हिशेबाला ते फार काटेकोर होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेब्रुवारी 1760 मध्ये त्यांनी उदगीरला निजामाला हरवलं. त्या तहात आपल्या शहराजवळचा दौलताबादचा किल्लाही मराठ्यांकडे आला. तोवर दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले होते. मग आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून मार्चमध्ये भाऊ उत्तरेला निघाले. हजार किलोमीटरहून लांबचा रस्ता! सोबत सैनिक तर होतेच, शिवाय बायका-मुलं, बाजारबुणगे आणि यात्रेकरूही.

ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, पण खजिना रिकामा. सैन्याच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांच्या परतीच्या वाटेवर बसला.

आता छावणीतला दिवस डोळ्यांपुढे आणा. पानिपतला भोवती खंदक खणलेला. पंजाबकडची बोचरी थंडी, आणि अंगावर दख्खनच्या हवेला पुरतील एवढेच कपडे. चूल पेटवायची तर लाकूड नाही, घोड्यांना वैरण नाही. नोकरमाणसं रात्री गवत-सरपणासाठी बाहेर पडत आणि शत्रूच्या गस्तीला सापडून कापली जात. डिसेंबरमध्ये बळवंतराव मेहेंदळे पडले. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेलेही मारले गेले. धान्य महागलं, मग मिळेनासं झालं. जनावरं मरू लागली, दुर्गंधी पसरली. हिशेबात पक्का असलेला माणूस रोज शून्याकडे जाणारा हिशेब पाहत होता.

शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सैनिकांनीच भाऊंना सांगितलं. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. उपाशीपोटी लोक बाहेर पडले. दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी शत्रूची फळी खिळखिळी केली होती. मग विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत शिरले आणि परत आले नाहीत. वय अवघं तीस. पार्वतीबाई दख्खनला परतल्या, पण पती गेले हे त्यांनी कधी मानलं नाही.

भाऊंचं चुकलं का? एवढं बिनलढाऊ माणूस सोबत नेणं महागात पडलं, हे खरंच. पण सगळा दोष एकट्यावर टाकला की मुलांची विचार करण्याची गरजच संपते.

त्याऐवजी पाचवीच्या वर्गात हे गणित घाला. छावणीत एक लाख माणसं धरा, प्रत्येकाला दिवसाला अर्धा किलो धान्य. रोज किती? 500 क्विंटल. 75 दिवसांना? 37,500 क्विंटल. घोडे-बैलांचा दाणावैरण वेगळाच. हे आणायचं कुठून आणि कोणत्या वाटेने, हे मुलांनाच नकाशावर शोधू द्या. नुसत्या शौर्याने पोट भरत नाही, हे त्यांना न सांगता कळेल.

आणि पालकहो, एक विनंती. पेपर अवघड गेला की आपण सहज म्हणतो, पोराचं पानिपत झालं. त्या शब्दामागे किती घरांचे दिवे विझले, तेही एकदा मुलांना सांगा.