पाड्याच्या अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत ‘अंगणवाडी’ हा शब्द रुळला आहे. तो ज्यांच्या कार्यातून रुजला, त्या ताराबाई मोडक यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

१८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीचे बालशिक्षण केले. १९४५ मध्ये त्या बोर्डीस आल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले मात्र बालवाडीकडे फिरकेनात. दोष मुलांचा नव्हे, शाळेचा, हे ताराबाईंनी ओळखले. मग बालवाडीच पाड्यावरील अंगणात भरू लागली. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया आल्या.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे चारीत, म्हणून कुरणशाळा निघाली. कडेवरच्या भावंडापायी थोरली बहीण घरी अडकू नये, यासाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. ही सोय आम्हांस त्यांच्या पद्मभूषणापेक्षाही (१९६२) मोठी वाटते.

१९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. जव्हार-मोखाड्यातील कित्येक कुटुंबे आजही पावसाळा सरताच लेकरांसह वीटभट्ट्यांकडे निघतात. अंगणवाडी मात्र पाड्यावरच राहते.